दहा वर्षांचा कागद

माझं लग्न एका कागदावर ठरलं. नवऱ्याला मी पाहिलं ते त्यानंतर.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, वेल्ह्याच्या कचेरीत शिपाई होते. या टेबलावरचा कागद त्या टेबलावर नेण्यात त्यांचा जन्म गेला. त्यामुळं माणसाच्या शब्दापेक्षा त्यांचा शिक्क्यावर भरवसा. भोरचं स्थळ आलं तेव्हा मुलाच्या मामानं पिशवीतून एक लांब पाकीट काढलं आणि चहा यायच्या आधीच आबांच्या हातात दिलं. आबांनी कागद दाराच्या उजेडात धरला, शिक्का पाहिला, सही पाहिली आणि मला आतून बोलावून वाचायला सांगितलं.

पुण्याच्या अलीकडं, हमरस्त्याला लागून पत्र्याचे डबे करणारा एक कारखाना होता. त्या कारखान्यानं लिहून दिलं होतं की सदर खेळाडूस दहा वर्षांसाठी कामावर घेण्यात येत आहे. त्यानं कबड्डी खेळायची ती फक्त कारखान्याच्या संघाकडून. पुढं कधी संघात निवड झाली नाही, तरी दहा वर्षं पुरी होईपर्यंत त्याचं काम चालू राहील. कबड्डी हा शब्द कागदावरचा. आमच्याकडं तेव्हा सगळे हुतूतूच म्हणायचे.

शेवटचं वाक्य आबांनी मला दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "दहा वर्सं. तवर पोरं शाळंत जात्याल."

मी तेव्हा अठरा वर्षांची होते. सातवीची फायनल पास होऊन नुकतीच मास्तरीण म्हणून लागले होते. तोरण्याच्या अंगाला एका वाडीत एकशिक्षकी शाळा होती, तिथं मी एकटीच. माझं ट्रेनिंग झालेलं नव्हतं, म्हणून माझी नेमणूक जूनपासून एप्रिलपर्यंतच असायची. उन्हाळ्यात आपली नोकरी नाहीच असं धरायचं आणि जूनमध्ये पुन्हा कागद येतो का याची वाट बघायची. आबांनी मनातल्या मनात दोन्ही कागद शेजारी ठेवले असणार. आठ दिवसांत होकार गेला.

लग्न भोरला झालं. त्रिशरण-पंचशील म्हटलं, हार घातले, वरातीला कारखान्याचा टेम्पो आला होता. सासूबाई दुसऱ्यांच्या रानात रोजानं जायच्या. सासरे नव्हते. त्या घरात कुणालाच आजवर दुसऱ्या दिवशीच्या कामाची खात्री कुणी लिहून दिलेली नव्हती, आणि या एकोणीस वर्षांच्या पोराला दहा वर्षांची मिळाली होती. सासूबाईंनी तो कागद पत्र्याच्या पेटीत, बाबासाहेबांच्या फोटोच्या बरोबर खाली ठेवला होता. पाहुणे आले की बाहेर काढायच्या. वाचता त्यांना येत नव्हतं, पण दहा हा आकडा कुठल्या ओळीत आहे ते ठाऊक होतं.

ह्यांना मी खेळताना सगळी मिळून तीन वेळाच पाहिलं असेल. पहिल्यांदा भोरच्या मैदानावर, लग्नानंतरच्या थंडीत. अंगानं काही फार मोठे नव्हते. चालताना तर जरा पोक काढूनच चालायचे. पण चढाईला रेषा ओलांडली की माणूस वेगळाच व्हायचा. घाई नाही, आरडाओरडा नाही. दम एकाच पट्टीत चाललेला, नजर पायांवर, आणि एकदम एका बाजूला झुकून हात लावून परत. कुणाला हात लागला हे त्या गड्यालासुद्धा उशिरा कळायचं. बायका एका कडेला बसल्या होत्या. माझ्या शेजारची म्हातारी म्हणाली, "ह्यो तर चोरावानी येतो गं." मला ते आवडलं होतं.

दहा वर्षांचा कागद देणारे मोठे साहेब स्वतः तरुणपणी खेळलेले होते. मुंबईच्या एका गिरणीचा माणूस भोरला येऊन ह्यांची चौकशी करून गेला, हे त्यांच्या कानावर आलं. दुसऱ्याच दिवशी ते जीप घेऊन आले, मैदानाच्या बांधावर बसले आणि सरळ विचारलं की काय दिलं म्हणजे कुठं जाणार नाहीस. ह्यांनी सांगितलं की आईचं रोजानं जाणं थांबेल असं काहीतरी द्या. साहेब म्हणाले, दहा वर्षं देतो. हे त्यांना स्वतःच सुचलं, की येतानाच ठरवून आले होते, कुणास ठाऊक. कारखान्यातले बाकीचे साहेब त्यांच्यावर नाराज झाले होते म्हणे. एकोणीस वर्षांच्या पोराचं शरीर पुढं काय करील याचा भरवसा कुणी द्यावा, असं त्यांचं म्हणणं. मोठ्या साहेबांनी ऐकलं नाही.

पहिली तीन वर्षं बरी गेली. हे सकाळच्या एसटीनं कापूरहोळला जायचे, तिथून पुण्याकडची गाडी. अर्धा दिवस काम, अर्धा दिवस सराव. संघातल्या पोरांना कारखान्यात दूध आणि अंडी मिळायची, इतर कामगारांना नाही. त्यावरून कुरबुर व्हायची, पण संघ जिंकत होता तोवर ती तोंडातल्या तोंडातच राहिली. मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये कप मावेनात म्हणून भिंतीला एक फळी ठोकली. मी सोमवार ते शनिवार दुपारपर्यंत वाडीवर, शाळेमागच्या खोलीत. शनिवारी अर्धी शाळा सुटली की वेल्ह्यापर्यंत चालत, तिथून एसटीनं नसरापूर फाटा, तिथून कापूरहोळ, मग भोर. आमची मुलगी झाली ती सासूबाईंकडंच वाढली. त्यांचं रोजानं जाणं थांबलं होतं, ते असं.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, एका शनिवारी मी कापूरहोळला भोरच्या गाडीची वाट बघत उभी होते. कंडक्टर ओळखीचा होता. तो माझ्यासाठी गाडीतून खाली उतरला, तेव्हाच मला कळलं की काहीतरी झालंय.

"बाई, भोरला जाऊ नगा," तो म्हणाला. "पुण्याची गाडी धरा. पावण्यांच्या पायाला लागलंय. दवाखान्यात हायेत."

कसं झालं ते नंतर त्यांच्या संघातल्या एकानं सांगितलं. अंतिम सामना होता. ह्यांनी दोघांना हात लावला होता आणि परत फिरले होते. कोपऱ्यातल्या गड्यानं घोटा धरला. तेवढ्यात दुसरा मागून येऊन तिरक्या गुडघ्यावर पडला. त्यात कुणाचीच चूक नव्हती. खेळ तसाच आहे. हात रेषेला टेकला होता, ते सगळे बाद झाले आणि कारखाना जिंकला. कप घेऊन संघ दवाखान्यात आला होता. मी पोचले तेव्हा तो कप खाटेखाली, औषधाच्या बाटल्यांशेजारी होता.

दोन वेळा प्लास्टर झालं. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की चालता येईल, जिना चढताना त्रास होईल, मैदान विसरा. हे भिंतीला धरून उठले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तुझी शाळा बुडाली तीन दिस."

बावीस वर्षांचे होते. कागदाची सात वर्षं उरली होती.

कारखान्यानं शब्द पाळला. त्याबद्दल मी कधी वावगं बोलणार नाही. सहा महिन्यांनी हे कामावर गेले, तेव्हा मोठ्या साहेबांनी त्यांना गेटवर बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं वहीत लिहायची, गाड्यांचे नंबर लिहायचे. पुढं स्टोअरमध्ये घेतलं, तिथं पत्र्याच्या गठ्ठ्यांवर खडूनं खुणा करायच्या. सोपं काम. दुःख कामाचं नव्हतंच. ज्या कामगारांनी दूध-अंड्यांवरून कुरबुर केली होती, ते आता तोंडावर बोलायला लागले. ह्यांना ते 'जावई' म्हणायचे. सकाळी गेटवर कुणी ना कुणी म्हणायचंच, काय जावईबापू, बरं हाय ना. पुढच्या वर्षी संघ हरला, त्याच्या पुढच्याही वर्षी. प्रत्येक हरण्याबरोबर तो शब्द जरा मोठ्यानं ऐकू यायचा. मोठे साहेब निवृत्त होऊन गेले. कपांची फळी तशीच राहिली, पण कप पुसणारं कुणी नव्हतं.

हे कारखान्यात जेवेनासे झाले. डबा तसाच परत यायचा. सासूबाई डबा उघडून बघायच्या आणि ती भाकरी स्वतः खायच्या. एका रविवारी हे मला म्हणाले की मी कागद परत करून येतो.

"मग काय करणार?"

"काय बी करीन. हमाली करीन."

"ह्या पायानं?"

त्यावर ते उठून बाहेर गेले. मी बोलायला नको होतं. पण त्या वर्षी जूनमध्ये माझी ऑर्डर आली नव्हती. ट्रेनिंग झालेली एक बाई त्या शाळेला मिळाली होती, म्हणून मी घरी. पाच माणसं, त्यात आबा आजारी पडून आमच्याकडं आलेले, माझी धाकटी पोटात, आणि घरात कामावर जाणारा एकच माणूस. त्याला लोक म्हणायचे की ह्याला फुकट पोसतात. तो कागद म्हणजे कारखान्याचा मूर्खपणा होता, असं हेही म्हणायचे. असेलही. त्या मूर्खपणावर आम्ही ते वर्ष काढलं, एवढं मला ठाऊक होतं.

पुढच्या जूनमध्ये मला पुन्हा ऑर्डर आली. वेल्ह्याच्याच बाजूची दुसरी वाडी, आणखी आत. तान्ही मुलगी घेऊन गेले. दुष्काळाची वर्षं होती. शाळेत सुकडी वाटायची असायची. पोरं सुकडीसाठी यायची आणि मी त्यांना सुकडीआधी बाराखडी म्हणायला लावायचे. त्या वाडीत मी दुसरा एक खेळाडू पाहिला.

वीस-एकवीस वर्षांचा असेल. त्याची धाकटी बहीण माझ्या वर्गात होती. शेतकऱ्याचा मुलगा, भाताची खाचरं आणि डोंगरउतारावरची वरकस जमीन, बाकी काही नाही. संध्याकाळी शाळेपुढच्या मोकळ्या जागेत ही पोरं खेळायची आणि मी ओट्यावर बसून मुलीला भरवायचे. तीन वेळाच पाहिला असला तरी ह्यांचा खेळ माझ्या डोळ्यांत होता, आणि हा मुलगा ह्यांच्यापेक्षा चांगला होता. हे मी भोरला येऊन ह्यांना सांगितलं. सांगताना भीती वाटली, पण सांगितलं. हे पुढच्या रविवारी माझ्याबरोबर वाडीवर आले. पाय ओढत तो चढ चढले. खेळ शेवटपर्यंत बघितला. मग त्या मुलाला जवळ बोलावून त्याचे पाय कसे पडतात ते दाखवायला लागले. मी कित्येक वर्षांनी त्यांना इतकं बोलताना ऐकलं.

त्यांनीच त्याला कारखान्यात नेलं. आता नवे साहेब होते. त्यांनी मुलाला खेळताना पाहिलं आणि लगेच घेतलं. पण कागद दिला तो एका वर्षाचा. दर एप्रिलला बघू, म्हणाले. ह्यांनी विचारलं की जरा मोठा नाही का देता येणार. साहेब रागावले नाहीत. नवे साहेब वाईट माणूस नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचंय. त्यांनी ह्यांना बसायला सांगितलं आणि शांतपणे म्हणाले, "तुमच्याकडं बघूनच आम्ही शहाणे झालो."

घरी येऊन ह्यांनी मला ते जसंच्या तसं सांगितलं. मुलाला सांगितलं नाही.

मुलानं दोन वर्षं कारखान्याला कप आणून दिले. भोरला आमच्याकडं जेवायला यायचा, मला बाईच म्हणायचा. त्याचं लग्न ठरलं. मुलीच्या बापानं कागद मागितला तेव्हा त्यानं एका वर्षाचा दाखवला. दर वर्षी नवा होतो असं समजावलं, आणि त्यांनी ते मानलं. माझ्याही ऑर्डरी तशाच असतात, असं त्याच्या आईला मी सांगितलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं.

तिसऱ्या वर्षी, माघात, ह्यांच्या लक्षात आलं की तो मुलगा शर्ट घालताना डावा हात आधी घालतो आणि उजवा हात दुसऱ्या हातानं उचलून बाहीत सरकवतो. स्टोअरच्या मागं कपडे बदलायची जागा होती, तिथून त्यांना दिसायचं. दोन दिवस बघितलं, मग त्याला विचारलं. तो म्हणाला, झोपताना दबला असेल. खांदा सुजलेला होता. त्यानं ह्यांचे पाय धरले आणि सांगितलं की एप्रिलपर्यंत कुणाला बोलू नका. एकदा कागद झाला की महिनाभर हात टांगून बसतो.

त्या रविवारी मी नीरेवर धुणं धूत होते. हे येऊन शेजारच्या दगडावर बसले, पाय लांब करून. त्यांनी मला सगळं सांगितलं आणि विचारलं, "साहेबास्नी सांगू का?"

मी पिळा घालत होते. आठवडाभर शाळा, शनिवारी तीन गाड्या, रविवारी सहा माणसांचं धुणं. आबा त्याच आठवड्यात गेले होते, म्हणजे खरं तर सहाही राहिले नव्हते. मला कुणाच्या खांद्याचा विचार करायचा नव्हता. मी विचारलं, सांगितलं तर काय होईल. ते म्हणाले, त्याला बसवतील, आणि एप्रिलला काढतील. आणि नाही सांगितलं तर? तर खेळेल, आणि खांदा जाईल.

"मग तुमी गप बसा," मी म्हणाले. "त्याचं तो बघंल. तुमाला आदीच जावई म्हणत्यात, आता चुगलखोर बी म्हणत्याल."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग पाण्याकडं. "व्हय," म्हणाले. बस, एवढंच. मी त्यांना पिळ्याचं एक टोक धरायला दिलं.

ते गप बसले. मार्चमध्ये एका सामन्यात तो मुलगा पकडीला गेला आणि त्याचा हात खांद्यातून निखळला. डॉक्टर म्हणाले, हे आधीच्या दुखण्यावरचं दुखणं आहे. विश्रांती घेतली असती तर इतकं झालं नसतं. एप्रिलमध्ये कागद नवा झाला नाही. कारखान्यानं जे लिहून दिलं होतं ते सगळं दिलं, वर दवाखान्याचंही बघितलं. नियमाबाहेर काही झालं नाही. मुलीच्या बापानं मात्र लग्न मोडलं.

त्यानंतर ह्यांनी केलं ते मला आधी सांगितलं नाही. साहेबांकडं जाऊन म्हणाले की माझ्या कागदाची दीड वर्षं उरलीत, ती त्या पोराच्या नावावर करा. मी उद्यापासून येत नाही. साहेबांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं की ती वर्षं तुमच्या नावची आहेत, ती अशी उचलून दुसऱ्याला देता येत नाहीत. तुम्ही सोडलं तर सोडलं, जागा त्याला मिळणार नाही. आणि मग, हे बोलणं ह्यांनी पुष्कळ दिवसांनी मला सांगितलं, साहेबांनी विचारलं, "खरं सांगा, तुम्हाला दिलेल्या दहा वर्षांचा कारखान्याला काय उपयोग झाला?"

तीन वर्षं कप आणले, असं हे म्हणू शकले असते. पण ते उठून स्टोअरमध्ये गेले.

मी या प्रश्नावर पुष्कळ विचार केला आहे. शाळेत पोरं पाढे घोकत असायची आणि माझ्या डोक्यात हेच. साहेबांच्या जागी मी असते तर दहा वर्षांचा कागद दिला असता का? नसता दिला. माझ्या वर्गातल्या कुठल्या मुलाचं पुढं काय होईल हे मला चौथीत कधी सांगता आलं नाही. जी हुशार वाटली ती गुरांमागं गेली, आणि एक मठ्ठ वाटलेला मास्तर झाला. तेव्हा एकोणीस वर्षांच्या पोराच्या गुडघ्यावर दहा वर्षं लावणं हे शहाणपण नव्हे, हे मान्य. पण ह्यांना गुडघा लपवावा लागला नाही. मोडला तेव्हा उघड मोडला. त्या मुलाला खांदा लपवावा लागला, आणि लपवून लपवून त्यानं तो घालवला. यापुढं माझं डोकं चालत नाही. दोन्ही बाजू मला दिसतात आणि मग दमायला होतं.

ह्यांनी काम सोडलं नाही. उरलेलं दीड वर्ष रोज सकाळच्या एसटीनं गेले. त्या काळात त्यांना जावई म्हणणारेही थकले असावेत. कागद संपायच्या आधी साहेबांनी विचारलं की स्टोअरमध्ये ठेवू का, वर्षा-वर्षाच्या कागदावर. ह्यांनी नको म्हटलं. एसटी डेपोजवळ सायकलीचं पंक्चर काढायचं दुकान टाकलं. बसून करायचं काम, पाय लांब ठेवता यायचा. मला त्याच सुमारास ट्रेनिंगला जायला मिळालं. दोन वर्षं मी पुण्यात आणि ते भोरला. सासूबाई दोन्ही मुलींना सांभाळत होत्या आणि थोरलीकडून मला पत्रात कळवायच्या की ह्यांनी डबा खाल्ला.

ट्रेनिंगहून परत आल्यावर, एका दुपारी, तो मुलगा आमच्याकडं आला. आता त्याला मुलगा म्हणायला नको. पाठीवर भाताचं अर्धं पोतं, डाव्या हातानं धरलेलं. नवं भात होतं. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, पण लावणी-कापणी करता येते, म्हणाला. नांगराला भाऊ असतो. लग्न झालं होतं, दुसऱ्याच मुलीशी. हे दुकानावर होते. मी त्याला जेवायला वाढलं आणि समोर बसले.

इतकी वर्षं मनात होतं ते मी त्याला सांगितलं. नीरेवर ह्यांनी मला विचारलं होतं, मीच गप बसायला सांगितलं होतं, ते. मला वाटलं होतं, सांगितल्यावर बरं वाटेल.

तो जेवत होता.

"मला ठावं हुतं बाई, त्यांनी सांगितलं न्हाई ते," तो म्हणाला. "म्या रोज सकाळी स्टोअरच्या दाराकडं बघायचो. आज सांगत्यात का काय म्हणून. सांगितलं असतं तर म्या जन्मात त्यांच्या दारात आलो नसतो."

"आणि खांदा?"

"खांदा ऱ्हायला असता."

मी विचारलं, मग आता काय वाटतं. त्यानं मान हलवली. ती होय म्हणून हलली की नाही म्हणून, ते मला समजलं नाही. कालवण चांगलं झालंय, म्हणाला. मी आणखी वाढलं.

जेवून तो दुकानावर गेला. दोघं तासभर बसले असावेत. काय बोलले ते मी ह्यांना विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. चारच्या गाडीनं तो परत गेला. ते भात आम्हाला संक्रांतीपर्यंत पुरलं. चवीला गोड होतं, जरा मऊ शिजायचं.